डबाबंद अननस : एका मिष्टान्नाची पूर्वपीठिका

केकच्या दुकानांतील कांचेच्या कपाटांत अननसाच्या गोल चकत्या बसविलेला केक आपण पुष्कळदां पाहिला असेल. चकतीच्या मध्यभागीं बहुधा एक लाल चेरी असते. आतां शेतांतला अननस डोळ्यांपुढें आणा : सालीस कांटे, अंगावर डोळे, पोटांत टणक दांडा, आणि कोणतींही दोन फळें एका मापाचीं नाहींत. अशा फळापासून एकसारख्या चकत्या कशा निघाल्या आणि त्या देशोदेशींच्या स्वयंपाकघरांत कशा शिरल्या, हा प्रश्न केवळ पाककलेचा नाहीं. त्यांत एका राज्याच्या अंताचीही हकीकत गुंतलेली आहे.

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १४९३ सालीं कोलंबसाला तो ग्वादलूप बेटावर आढळला. ब्राझीलमधील तुपी लोकांच्या भाषेंतलें त्याचें नांव पोर्तुगीजांनीं उचललें, आणि फळाबरोबर तें आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरविलें. मराठींतील 'अननस' हा शब्द त्याच वाटेनें आला. फिरंग्यांच्या बंदरांतून येणाऱ्या या फळाचा आणि आग्र्याच्या बागेंतील त्याच्या लागवडीचा उल्लेख बादशहा जहांगीरानें आपल्या आत्मचरित्रांत केला आहे.

परंतु या फळांत व्यापाऱ्यांच्या दृष्टीनें एक मोठी खोड होती. झाडावरून तोडल्यावर अननस अधिक गोड होत नाहीं. कच्चा तोडावा तर आंबट राहतो, आणि पिकलेला तोडावा तर लांबच्या प्रवासांत नासतो. तोड निघाली ती फ्रान्समध्यें. निकोला आपेर या हलवायानें अन्न बाटल्यांत भरून, बुचें घट्ट बसवून, उकळत्या पाण्यांत ठेवलें असतां तें टिकतें, हें सिद्ध केलें. याबद्दल १८१० सालीं फ्रेंच सरकारनें त्यास १२,००० फ्रँकांचें पारितोषिक दिलें. त्याच वर्षीं इंग्लंडांत पीटर ड्युरांड यानें कथिलाच्या डब्यांसाठीं एकस्वाधिकार मिळविला. अन्न टिकतें तें कां, याचा उलगडा पुढें पाश्चरच्या संशोधनानें झाला.

आतां आपण पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांकडे वळूं. तेथें लिलिउओकलानी ही राणी राज्य करीत होती. १७ जानेवारी १८९३ रोजीं मुख्यतः अमेरिकन व युरोपीय वंशाच्या मळेवाल्यांनीं आणि व्यापाऱ्यांनीं तिला पदच्युत केलें. आदल्या दिवशींच अमेरिकन आरमाराचे सैनिक किनाऱ्यावर उतरविण्यांत आले होते. नव्या सत्तेचा प्रमुख होता सॅनफर्ड डोल. १८९८ सालीं अमेरिकेनें तीं बेटें आपल्या राज्यास जोडून घेतलीं, आणि बेटांवरचा माल जकातीच्या भिंतीच्या आंत आला.

दुसऱ्याच वर्षीं सॅनफर्डच्या नात्यांतलाच जेम्स डोल हा बावीस वर्षांचा तरुण होनोलुलूस उतरला. १९०१ सालीं त्यानें हवाईयन पाइनॲपल कंपनी स्थापिली. १९०३ च्या पहिल्या हंगामांत तिनें १,८९३ पेट्या माल भरला. मोठी अडचण सोलण्याकापण्याची होती. त्यासाठीं १९११ सालीं त्यानें हेन्री जिनाका या यंत्रज्ञास नेमलें. जिनाकाचें यंत्र फळाची साल काढी, दोन्ही टोंकें छाटी आणि मधला दांडा पोखरून काढी. फळाचें जें नळकांडें उरे तें नेमकें डब्याच्या मापाचें असे. चकतीचा वाटोळेपणा हा निसर्गाचा नसून डब्याचा आहे, तो असा! यंत्रामागें मात्र माणसेंच होतीं. मळ्यांत चिनी, जपानी व फिलिपिनो मजूर राबत. कारखान्यांत बायका उरलेले डोळे काढून चकत्या हातानें डब्यांत रचीत. १९२२ सालीं कंपनीनें जवळजवळ संपूर्ण लानाई बेट ११ लक्ष डॉलरांस विकत घेतलें.

माल एवढा निघूं लागल्यावर गिऱ्हाइकांस त्याचा उपयोग शिकविणें प्राप्तच होतें. १९२५ सालीं कंपनीनें अननसाच्या पाककृतींची स्पर्धा जाहीर केली. हजारों गृहिणींनीं कृती पाठविल्या. त्यांत 'उलट्या केक'च्याच सुमारें अडीच हजार होत्या, असें सांगतात. लोखंडी तव्यांत लोणी आणि तांबूस साखर वितळवावी, तीवर चकत्या मांडाव्या, वर केकचें पीठ ओतून भाजावें, आणि शेवटीं सर्व ताटांत पालथें घालावें. हा प्रकार सफरचंदें घालून पूर्वीपासून होत असे. सारख्या मापाच्या चकत्यांनीं त्याला नक्षी दिली.

येथें गृहिणींच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतों. ताज्या अननसांत प्रथिनें तोडणारें एक पाचक द्रव्य असतें. त्यामुळें त्याच्या योगानें जिलेटिनची जेली घट्ट होत नाहीं, आणि दूध घातलेलें फ्रूट सॅलड थोड्या वेळांत कडवट लागतें. डबा भरतांना जी उष्णता दिली जाते तिनें हें द्रव्य निकामी होतें. म्हणून अशा पदार्थांस डब्यांतील फळ चालतें. ताजेंच घालावयाचें असल्यास आधीं साखरेंत चांगलें शिजवून घ्यावें.

हवाईचें अननसयुग मात्र सरलें. स्वस्त मजुरीच्या शोधांत धंदा फिलिपिन्स, थायलंड या देशांकडे सरकला. होनोलुलूचा डोल कारखाना १९९१ सालीं बंद पडला. लानाईवर १९९२ सालीं शेवटचें पीक निघालें. नोव्हेंबर १९९३ मध्यें, राणीच्या पदच्युतीस शंभर वर्षें झालीं असतां, अमेरिकन काँग्रेसनें ठराव करून हवाईच्या मूळ रहिवाशांची क्षमा मागितली. सुमारें १८ लक्ष एकर जमीन त्यांच्या संमतीवांचून व मोबदल्यावांचून गेली, असें त्या ठरावांत नमूद आहे. जमीन परत देण्याचें कलम मात्र त्यांत नाहीं.