जुन्या क्रीडावस्तूंचा संग्रह : वस्तूइतकीच नोंदही मोलाची

संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेल्या अजिंक्य रहाणे यांना डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नच्या मैदानावर एक पदक मिळाले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तेथे सुरू होणाऱ्या कसोटीतील सर्वोत्तम खेळाडूला 'मुलाघ पदक' देण्याची प्रथा त्याच वर्षी सुरू झाली आणि पहिला मान ११२ धावांची खेळी करणाऱ्या भारतीय कर्णधाराकडे आला. या पदकाचा आकार नेहमीच्या पदकासारखा गोल व गुळगुळीत नाही. १८६८ मध्ये ऑस्ट्रेलियातील आदिवासी खेळाडूंचा जो संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, त्या संघाच्या कमरपट्ट्याच्या बकलावरून ते घडविण्यात आले आहे. जॉनी मुलाघ हे त्या संघातील अग्रगण्य खेळाडू होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या बकलाचे रूप विस्मृतीत गेले नाही, म्हणूनच हे पदक घडू शकले.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातही अशा वस्तूंची वाण नाही. श्रीरामपूरने झहीर खान यांच्यासारखा गोलंदाज दिला. यात्रा-उरुसांतील कुस्त्यांचे हगामे येथे पिढ्यान् पिढ्या भरत आले आहेत. 'महाराष्ट्र केसरी'ची २०२५ मधील लढत नगर शहरातील वाडिया पार्कवर झाली. मात्र एखाद्या गावात गेल्या साठ-सत्तर वर्षांत कोणकोणत्या मानाच्या कुस्त्या झाल्या, हे सांगणारा कागद शोधू गेल्यास बहुधा हाती काही लागत नाही. वस्तू नसतात असे नव्हे. त्या माळ्यावर, ट्रंकेत, तालमीच्या कोनाड्यात पडून असतात. त्या कोणाच्या, कोणत्या साली व कशाबद्दल मिळाल्या, हे सांगणारा माणूस गेला की त्यांची भाषाच हरवते.

संग्रह कशाचा?

क्रीडावस्तूंचा संग्रह म्हटले की स्वाक्षरी केलेली बॅट डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात या छंदाचा पसारा मोठा आहे. पदके, करंडक, टोप्या, ब्लेझर, चेंडू, यष्टी यांच्या जोडीला तिकिटे, धावफलक, स्मरणिका, संघाची छायाचित्रे, खेळाडूंची पत्रे, टपाल तिकिटे आणि नियतकालिके असे सारे त्यात येते. टपाल खात्याने १९९६ मध्ये सी. के. नायडू, विनू मंकड, दि. ब. देवधर व विजय मर्चंट यांच्यावर काढलेली चार तिकिटे किंवा संदीप पाटील यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या 'एकच षटकार'चे जुने अंक मध्यमवर्गीय संग्राहकाच्या आवाक्यातले आहेत. 'बिग फन'च्या गोळीबरोबर मिळणारी धावा-बळींची चित्रे ज्यांनी शाळेत असताना जमविली, त्यांनाही आपण संग्राहक होतो याची त्या वेळी कल्पना नव्हती.

कुस्तीचे जग याहून वेगळे. येथे वस्तू मुळातच थोड्या. लाल माती, लंगोट आणि हलगी यांपैकी माती उरत नाही, लंगोट कोणी जपत नाही. मागे राहते ती गदा, मानाचा फेटा, स्टुडिओत छातीवर पदके लावून काढलेले छायाचित्र आणि हगाम्याची हस्तपत्रिका. यांतील हस्तपत्रिका सर्वांत उपेक्षित आणि अभ्यासकाच्या दृष्टीने कदाचित सर्वांत मोलाची. गावाचे नाव, तिथी, इनामाची रक्कम, पंचांची व देणगीदारांची नावे, रेवड्यांवरील कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंतचा क्रम असा एका गावाचा त्या वर्षीचा सामाजिक इतिहासच त्या स्वस्त, रंगीत कागदावर छापलेला असतो. यात्रा संपली की त्यात भेळ बांधली जाते.

किंमत कोठून येते?

सर डोनाल्ड ब्रॅडमन यांची १९४७-४८ च्या भारताविरुद्धच्या मालिकेतील हिरवी टोपी डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीत लिलावास निघाली. ३ लाख ९० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरवर बोली थांबली. शुल्क धरून ती ४ लाख ७९ हजार ७०० डॉलरला पडली. ही टोपी ब्रॅडमन यांनी भारतीय संघाचे व्यवस्थापक पंकज गुप्ता यांना भेट दिली होती. त्याच दौऱ्यात महाराष्ट्राचे अष्टपैलू खेळाडू रंगा सोहोनी यांना दिलेली दुसरी टोपी त्यांच्या कुटुंबीयांनी पाऊणशे वर्षे सांभाळली आणि जानेवारी २०२६ मध्ये तिनेही लिलावात चार लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. सोहोनी अवघ्या चार कसोटी सामने खेळले. त्यांच्या घरातील कापडाच्या एका टोपीला एवढे मोल आले ते लोकरीमुळे नव्हे. स्वतंत्र भारताचा तो पहिला परदेश दौरा, ब्रॅडमन यांची मायदेशातील अखेरची कसोटी मालिका, तीत त्यांनी १७८.७५ च्या सरासरीने काढलेल्या ७१५ धावा आणि टोपी एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली याची न तुटलेली साखळी, या साऱ्याची ती किंमत होती.

संग्राहकांच्या जगात या साखळीलाच सर्वाधिक महत्त्व आहे. तिला मराठीत 'वस्तूची वंशावळ' म्हणता येईल. लंडनमधील लॉर्ड्सच्या संग्रहालयात पेंढा भरलेली एक चिमणी चेंडूवर बसविलेली आहे. जुलै १९३६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाकडून खेळताना जहांगीर खान यांनी टाकलेल्या चेंडूने ती मेली. हे जहांगीर खान भारताच्या १९३२ मधील पहिल्या कसोटीत खेळलेले गोलंदाज. ही हकिगत वगळली तर उरते ती एक मेलेली चिमणी.

घरच्या वस्तूंनाही हाच न्याय लागू होतो. भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम तेव्हा नऊ धावांवर होता. पण प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडला आणि खेळ तेथेच संपला. निंबाळकरांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. त्या खेळीचे अस्तित्व उरले आहे ते गुणलेखकाच्या वहीतील रकान्यांत. मुंबईचे आनंदजी डोसा यांनी असल्याच वह्या, कात्रणे, स्मरणिका आयुष्यभर जमविल्या. क्रिकेट क्लब ऑफ इंडियातील संदर्भ ग्रंथालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. बॅटी जमविणारे पुष्कळ असतात. कागद जमविणारे डोसा विरळा.

काळ कसा ओळखावा?

वस्तूवर साल नसले तरी काळाच्या खुणा बहुधा असतात. तिकिटाची किंमत रुपये-आण्यांत असेल तर ते एप्रिल १९५७ पूर्वीचे मानण्यास हरकत नाही. 'नये पैसे' असा उल्लेख असेल तर १९५७ ते १९६४ या काळातले. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. त्यामुळे पत्राच्या शीर्षकात किंवा करंडक बनविणाऱ्या दुकानाच्या पट्टीवर पिनकोड असेल तर वस्तू त्यानंतरची, हे निश्चित. पिनकोड नसणे हा मात्र पुरावा नव्हे. इंग्रजी कागदांवरील 'बॉम्बे' १९९५ नंतर 'मुंबई' झाले. नगरचे अधिकृत नाव २०२४ मध्ये बदलल्याने आजवरची 'अहमदनगर' अशी छापील प्रमाणपत्रेही पुढच्या संग्राहकाला काळाची खूण म्हणून उपयोगी पडतील.

बॅटवरील कारखान्याचे गावही बोलके असते. फाळणीपूर्वी क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र सियालकोट होते. १९४७ नंतर तेथील अनेक कारागीर व व्यापारी जालंधर आणि मेरठ येथे स्थायिक झाले. सियालकोटचा शिक्का असलेली बॅट महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या घरात सापडली तर ती फाळणीपूर्वीची असण्याचा संभव मोठा. अर्थात अशी एकच खूण पुरेशी धरू नये. दोन-तीन खुणा एकमेकींशी जुळल्या तरच निष्कर्ष काढावा.

स्वाक्षऱ्यांचा बाजार

सर्वाधिक फसवणूक स्वाक्षऱ्यांत होते. लहान आकाराच्या बॅटींवरील संघाच्या सह्या बहुधा छापील असतात. भिंगातून पाहिल्यास छापील रेघ ठिपक्यांची दिसते, तर हाताने केलेल्या सहीत शाई कोठे दाट, कोठे विरळ होते आणि रेघा एकमेकींवरून जाताना जाणवतात. नामवंत खेळाडूंच्या सह्या सहकाऱ्यांनी किंवा मदतनिसांनी करण्याचे प्रकार जगभर घडले आहेत. 'सामन्यात वापरलेली', 'खेळाडूसाठी तयार केलेली' आणि 'दुकानात मिळणारी' या जर्सीच्या तीन वेगळ्या जाती आहेत. विक्रेते त्यांत सोयीस्कर घोळ घालतात. मुंबईच्या वानखेडे स्टेडियममधील भांडारातून २६१ आयपीएल जर्सी चोरून परस्पर विकल्या गेल्याचे २०२५ मध्ये उघडकीस आले. त्या जर्सी खऱ्याच होत्या. वस्तू अस्सल आहे, एवढ्यावरून विकणाऱ्याचा तिच्यावर हक्क सिद्ध होत नाही, हा धडा त्या प्रकरणातून घेण्यासारखा आहे.

स्वाक्षरीची वही मात्र शक्यतो फोडू नये. विजय मर्चंट यांच्या भगिनी लक्ष्मी यांच्या वहीत १९३३-३४ च्या इंग्लिश संघाच्या सोळा खेळाडूंच्या सह्या होत्या. महात्मा गांधींनी त्याच पानावर सतरावी सही केली. ते पान एरवी एका संघाच्या सह्यांचे पान ठरले असते. शेजारामुळे ते आगळे झाले.

जतन

नगरची हवा कोकणापेक्षा कोरडी, ही कागदासाठी अनुकूल बाब आहे. पण धूळ, कसर आणि वाळवी यांपासून सुटका नाही. आपल्याकडे जतनाच्या नावाखाली जे केले जाते त्यातूनच पुष्कळदा नाश होतो. प्रमाणपत्र लॅमिनेट करणे हा त्यातला सर्वांत मोठा अपराध. उष्णतेने चिकटविलेले प्लास्टिक पुढे सुटत नाही आणि कागदासह पिवळे पडते. चिकटपट्टीचा डागही कायमचा. कात्रणे आम्लविरहित कागदात घालून सपाट ठेवावीत, घडी घालू नये. सही केलेली बॅट उन्हाच्या तिरिपेत टांगू नये आणि सहीवर जवसाचे तेल फिरवू नये. लोकरी टोपी व ब्लेझर सुती कापडात गुंडाळून ठेवावेत, वर्षातून दोनदा सावलीत उघडून पाहावेत. चांदीची गदा दर दसऱ्याला पावडरने घासण्याची हौस आवरावी. मुलामा झिजतोच, शिवाय कोरलेली अक्षरेही पुसट होतात. आणि खरे मोल त्या अक्षरांतच असते.

यापेक्षाही तातडीचे काम म्हणजे नोंद. प्रत्येक वस्तूचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. ती कोणाची, कोठून व केव्हा आली, कोणी सांगितले, हे वहीत तारखेसह लिहावे. घरातील वृद्ध पैलवानाकडून छायाचित्रातील मंडळींची नावे विचारून घ्यावीत आणि ती छायाचित्राच्या मागे बॉलपेनने न लिहिता मऊ पेन्सिलीने लिहावीत. या कामाला खर्च शून्य आहे. तरीही ते सर्वांत कमी केले जाते.

वस्तू अखेर कोठे जावी?

पुण्यात सहकारनगर भागात रोहन पाटे यांनी उभारलेले 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेट संग्रहालय २०१२ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते सुरू झाले. वानखेडेवर मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या संग्रहालयाचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले. दोन्ही क्रिकेटची. मराठी मातीतल्या कुस्तीच्या वाट्याला त्या तोडीचे घर आलेले नाही.

वस्तू विकण्याचा विचार असेल तर कायदाही ठाऊक हवा. १९७२ च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. ज्या दौऱ्यात पळवणकर बाळू यांनी शंभरावर बळी मिळविले, त्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातील एखादी वस्तू किंवा कागद सापडल्यास आधी जाणकारांचा सल्ला घ्यावा.

खाशाबा जाधव यांच्या पदकाची कथा या प्रश्नाच्या मुळाशी जाते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गोळेश्वर या त्यांच्या गावी कुस्ती संकुल उभारण्याची सरकारी घोषणा वर्षानुवर्षे कागदावर राहिली, तेव्हा २०१७ मध्ये त्यांच्या पुत्राने हे पदक लिलावात काढून संकुलासाठी पैसा उभा करण्याचा मनोदय जाहीर केला. या बातमीने महाराष्ट्र हळहळला. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

तेव्हा वस्तू सरकारी संस्थेकडे सोपविणे हाच सुरक्षित मार्ग का? हॉकीपटू बलबीरसिंग सीनियर यांनी तसेच केले होते. नियोजित क्रीडा संग्रहालयासाठी त्यांनी १९८५ मध्ये ३६ पदके, मेलबर्न ऑलिम्पिकचा कर्णधाराचा ब्लेझर आणि दुर्मीळ छायाचित्रे भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे दिली. संग्रहालय झाले नाही. २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या निमित्ताने प्रदर्शनासाठी त्या वस्तूंची विचारणा झाली, तेव्हा त्या सापडत नसल्याचे स्पष्ट झाले. म्हणून संस्थेला वस्तू देताना छायाचित्रांसह यादी दोन प्रतींत करावी, प्रत्येक पानावर स्वीकारणाऱ्याची सही व शिक्का घ्यावा आणि प्रदर्शन न झाल्यास वस्तू किती वर्षांत परत मिळेल, हे लेखी ठरवावे. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारे बलबीरसिंग मे २०२० मध्ये निवर्तले. तोवर त्यांचा तो ब्लेझर त्यांना परत मिळाला नव्हता.