'सी' ड्राइव्हची टंचाई : एक छोटासा इतिहास

संगणकाचा 'सी' ड्राइव्ह भरत आला, की जागा मोकळी करण्याचे काम आपण बहुधा घरातल्या जाणत्या मुलावर किंवा दुरुस्ती करणाऱ्यावर सोपवतो. हा केवळ तंत्रज्ञांचा विषय आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः कोणती गोष्ट ठेवावी, कोणती हलवावी आणि कोणती टाकून द्यावी, हा दफ्तरखान्याइतकाच जुना प्रश्न त्यात दडलेला आहे. टंचाईच्या काळात माणसाने त्याची जी उत्तरे शोधली, त्यांचा इतिहास म्हणूनच पाहण्याजोगा आहे. ही उत्तरे मुख्यतः तीन : स्थलांतर, संकोचन आणि विसर्जन. प्रत्येकाने काही मिळवून दिले आणि प्रत्येकाने आपली किंमतही वसूल केली.

या टंचाईचे मूळ साधे आहे. जी साठवण वेगवान असते ती महाग असते, आणि महाग म्हणूनच लहान असते. 1956 साली आयबीएमने 'रॅमॅक' या यंत्राबरोबर पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या, सुमारे एक टन वजन, आणि एवढ्या पसाऱ्यात मावत होती ती फक्त पन्नास लाख अक्षरे. अशा युगात प्रत्येक अक्षर वाचवणे हा कंजूषपणा नसून शहाणपणा होता. वर्षाचे चार अंक लिहिण्याऐवजी दोनच लिहिण्याची प्रथा याच काटकसरीतून रुजली. ऐंशी रकान्यांच्या छिद्रपत्रांवर दोन रकाने वाचत होते. ती बचत 2000 साल जवळ येताच जगाला किती महागात पडली, हे सर्वज्ञात आहे. काटकसरीचे कारण संपते, परंतु काटकसरीची सवय संपत नाही, हे या इतिहासाचे पहिले सूत्र म्हणता येईल.

स्थलांतराचे उत्तम उदाहरण युनिक्सचे. अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये 1971च्या सुमारास केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची ही प्रणाली पीडीपी-11 या यंत्रावर चालू लागली. प्रणाली एका लहान पण वेगवान डिस्कवर, आणि वापरकर्त्यांच्या फाईली दुसऱ्या, मोठ्या डिस्कवरील 'यूएसआर' नावाच्या विभागात, अशी मूळ मांडणी होती. प्रणाली वाढली, पहिली डिस्क पुरेना, तेव्हा काही आज्ञावली सरळ 'यूएसआर'मध्ये नेऊन ठेवल्या गेल्या. 'बिन' हा विभाग अशा रीतीने दोन ठिकाणी निर्माण झाला. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, अडचण उरली नाही, पण विभागणी राहिली. नंतरच्या पिढ्यांनी तिच्यासाठी नवनवी तात्त्विक समर्थनेही शोधली. फेडोरा या लिनक्स वितरणाने हे दोन विभाग एकत्र केले ते 2012 साली, म्हणजे सुमारे चाळीस वर्षांनी. एका भरलेल्या डिस्कची सोय चार दशके परंपरा म्हणून पाळली गेली. समाजातील रूढींच्या उत्पत्तीचा अभ्यास करणाऱ्यांना हे उदाहरण परके वाटू नये.

'सी' हे अक्षरसुद्धा अशाच एका परंपरेचे अवशेष आहे. 1981च्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्क नव्हती. 'ए' आणि 'बी' ही नावे फ्लॉपीसाठी होती. 1983च्या 'पीसी एक्सटी'बरोबर 10 मेगाबाइटची डिस्क आली आणि तिला पुढचे अक्षर मिळाले. फ्लॉपी कधीच अस्तंगत झाली, तरी आपली मोजणी आजही तिसऱ्या अक्षरापासून सुरू होते.

दुसरा उपाय संकोचनाचा. एखाद्या मजकुरात पुन्हा पुन्हा येणारा अक्षरसमूह प्रत्येक वेळी न लिहिता 'मागे अमुक अंतरावर आहे तोच' अशी खूण करावी, ही युक्ती याकोब झिव आणि अब्राहम लेंपेल यांनी 1977 साली शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. ती डिस्कवर चालवून 1990च्या सुमारास स्टॅक इलेक्ट्रॉनिक्सने 'स्टॅकर' विकायला काढले. त्याच डिस्कमध्ये जवळजवळ दुप्पट मजकूर मावू लागला. 1993 साली मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस 6.0मध्ये 'डबलस्पेस' दिले. स्टॅकने पेटंटभंगाचा दावा लावला, आणि 1994 साली लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला 12 कोटी डॉलर भरण्यास सांगितले. स्टॅकलाही व्यापारी गुपिताच्या प्रतिदाव्यात 1 कोटी 36 लाख डॉलर देण्याचा आदेश झाला. मोकळ्या जागेला केवढे मोल होते, याची कल्पना या आकड्यांवरून यावी.

परंतु या उपायाची खरी किंमत न्यायालयाबाहेर होती. दाबलेला सारा ड्राइव्ह म्हणजे प्रत्यक्षात एकच प्रचंड, लपवलेली फाईल असे. साध्या डिस्कवर एखादा भाग बिघडला तर बहुधा एखादीच फाईल जाई. येथे एका जागची इजा अनेक फाईलींना बाधू शकत होती. मजकूर हरवल्याच्या तक्रारी आल्या आणि पुढच्याच आवृत्तीत संरक्षणाच्या सोयी वाढवाव्या लागल्या. पुनरुक्ती काढून टाकली की जागा वाचते, पण चूक सावरून घेण्याची शक्तीही कमी होते. पाठांतराने ग्रंथ जपणाऱ्या परंपरेने पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशी पुनरुक्ती मुद्दाम वाढवून ठेवली, ती याच्या नेमक्या उलट धोरणाने.

तिसरा उपाय विसर्जन. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. डॉसच्या काळात फाईल पुसली म्हणजे यादीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलले जाई. मजकूर डिस्कवर तसाच पडून असे आणि दुसरे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत परत मिळवता येई. 1995च्या विंडोजमधील 'रिसायकल बिन'ने टाकणे आणि नष्ट करणे यांत आणखी एक पायरी घातली. 1998च्या विंडोजने मात्र 'डिस्क क्लीनअप' देऊन निवडीचे काम स्वतःकडे घेण्यास आरंभ केला. काय केरकचरा, याची यादी आता यंत्रच पुढे करू लागले.

पुढे फिरत्या चकत्यांची जागा चकतीविरहित एसएसडीने घेतली आणि इतिहासाने जणू वळसा पूर्ण केला. 2007चा आसुसचा 'ई पीसी' 4 गिगाबाइटच्या साठवणीवर बाजारात आला. अनेकांनी टेबलावरील संगणकात लहान, वेगवान एसएसडी प्रणालीसाठी आणि मोठी जुनी डिस्क फाईलींसाठी अशी मांडणी केली. बेल लॅब्सचीच ती व्यवस्था. या नव्या साठवणीत 'ट्रिम' या आज्ञेमुळे पुसलेला मजकूर बहुधा लवकरच कायमचा जातो. विसर्जन आता खऱ्या अर्थाने विसर्जन झाले.

त्याच सुमारास विसर्जनाचा अधिकार यंत्राकडे गेलेला होता. ऑक्टोबर 2018मध्ये विंडोज 10ची 1809 ही आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, त्याचे कारण या दृष्टीने फार बोलके आहे. काही वापरकर्त्यांनी 'डॉक्युमेंट्स'सारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवले होते. 'सी' ड्राइव्ह हलका करण्याचा हा तर सर्वत्र सुचवला जाणारा मार्ग. जुन्या जागी राहिलेला त्याच नावाचा फोल्डर आता निरुपयोगी, असे गृहीत धरून नव्या आवृत्तीने तो काढून टाकला. तो रिकामा आहे की नाही, हे पाहिले गेले नाही. अशा तक्रारी शेकडा एकाच्याही शंभराव्या भागाएवढ्याच, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले. प्रमाण अल्प खरे, पण ज्याच्या फाईली गेल्या त्याच्यापुरते ते शंभर टक्केच होते.

मराठी वाचकाला हा प्रश्न आणखी एका बाजूने भिडतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपले पुष्कळसे मराठी लेखन अशा फॉन्टांत झाले, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फाईलमध्ये प्रत्यक्षात असे ती रोमन अक्षरांची अर्थहीन रांग. मजकूर मराठी होई तो त्या फॉन्टमुळे. जागा करण्यासाठी कुणी तो छोटासा फॉन्ट काढून टाकला, तर फाईल जागच्या जागी राही आणि मजकूर मात्र वाचता येत नसे.

युनिकोडने हा धोका टाळला, पण जागा मोजून घेतली. 'महाराष्ट्र' हा शब्द 1991च्या 'इस्की' या भारतीय मानकानुसार 10 बाइटांत मावत होता. त्यालाच यूटीएफ-8मध्ये 30 बाइट लागतात. काटकसरीच्या जुन्या नियमाने पाहिले तर ही उधळपट्टीच ठरेल. पण त्या तिप्पट जागेच्या मोबदल्यात आपला मजकूर एका विशिष्ट फॉन्टच्या मर्जीतून सुटला. कोणत्याही प्रचलित यंत्रावर तो मराठी म्हणूनच उघडतो.

म्हणून जागा मोकळी करताना तात्पुरत्या फाईली, जुन्या अद्ययावतीकरणांचे अवशेष हे खुशाल काढावे. ते पुन्हा मिळवता येतात. जे दुसरीकडे कोठेही नाही, त्याची मात्र आधी प्रत करावी, ती उघडून वाचून पाहावी, आणि मगच मूळ पुसावे. एखादी फाईल कित्येक वर्षांत उघडली गेली नाही, एवढे यंत्र सांगू शकते. ती कशासाठी जपली होती, हे त्याला ठाऊक नसते.