दुखणाईत मूल आणि दत्तकाचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी दत्तकाचा विषय सांगितला तेव्हा त्यांना थोडे नवल वाटले. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, एका हाताशी कायद्याचे पुस्तक आणि दुसऱ्या हाताशी कामगाराचे गाऱ्हाणे ठेवून शिकलो. हा विषय मला त्या गाऱ्हाण्यांतच सापडला. जन्मापासून आजारी किंवा अपंग असलेले परके मूल आपले म्हणून घरी आणणारी साधी माणसे आपल्यात आहेत. त्यांचा संसार कसा चालतो, आणि असा संसार करण्याची कल्पना मुळात आली कोठून, हे आज जरा मागे जाऊन पाहावयाचे आहे.

दत्तक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम गादी येते. १८४८ साली साताऱ्याचे शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब मृत्युशय्येवर असताना दत्तक घेऊन गेले. डलहौसीने तो दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. १८५३ साली झाशीच्या गंगाधररावांनी असाच अखेरच्या घडीला दत्तक घेतला, आणि पुढच्या वर्षी झाशीही गेली. हा इतिहास आपण शाळेत पाठ केला आणि इंग्रजांच्या अन्यायाबद्दल चीड बाळगली, ते योग्यच झाले. परंतु ही दत्तके कोणासाठी होती, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ती गादीसाठी होती, वंशासाठी होती, पिंडासाठी होती. राजवाड्यात जे, तेच पाटलाच्या वाड्यात आणि वतनदाराच्या घरात. घराला मुलगा हवा म्हणून मुलगा घेतला जाई. साहजिकच तो जातीतला, शक्यतो भाऊबंदांतला आणि धडधाकट असा पाहून घेतला जाई. मुलीचा प्रश्नच नव्हता. आजारी मुलाचा तर विचारही कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

याचे एक कारण वारसाच्या नियमात आहे. मनुस्मृतीने जन्मांध, बहिरा, मुका, वेडा अशा माणसांना वाटणीतून वगळले आणि त्यांना केवळ अन्नवस्त्राचा हक्क ठेवला. इंग्रजी न्यायालयांनीही हिंदू कायदा म्हणून हेच चालवले. १९२८ साली एक कायदा होऊन ही अपात्रता बरीचशी दूर झाली; तरी जन्मापासून बुद्धीने अधू असलेला माणूस त्यातूनही बाहेरच राहिला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने मात्र स्पष्ट सांगितले की, कोणताही रोग, दोष किंवा व्यंग यांमुळे कोणी वारसाहक्काला मुकणार नाही. हे कलम अवघ्या तीन-चार ओळींचे आहे. पण त्याच्या आधीचा काळ ध्यानात घ्या. जेथे पोटचा आंधळा मुलगा वारस नव्हता, तेथे दुसऱ्याचा आंधळा मुलगा आपला म्हणून कोण आणणार?

या प्रवाहाविरुद्ध पोहणारी माणसे आपल्याच प्रांतात झाली. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घराजवळ बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल मारू नये, एवढाच त्याचा हेतू. तेथेच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा या माळी दांपत्याने १८७४ च्या सुमारास दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यालाच वारस केले. १८७५ साली पंढरपुरातही लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच गृह निघाले आणि पुढे ते प्रार्थना समाजाने चालवले. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याबाहेर त्याने दवाखाना घातला, आणि प्लेग झालेल्या एका मुलाला स्वतः उचलून त्या दवाखान्यात आणताना सावित्रीबाईंना लागण झाली असे सांगतात. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

यशवंत काही आजारी मूल नव्हता. तरीही आपल्या विषयाचे मूळ येथे आहे असे मला वाटते. घराला काय हवे हे या दत्तकात कोणी पाहिले नाही. त्या मुलाला काय हवे एवढेच पाहिले. दत्तकाची जुनी रीत येथे प्रथम उलटी फिरली. आजारी मूल घरी आणणारा माणूस हीच वाट आणखी पुढे चालतो.

कायदा या वाटेने फार सावकाश आला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलीला दत्तक घेण्याची सोय केली, पण ती हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरती. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी कुटुंबाने मूल आणले तर त्याला १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान झाले की ते संपे. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा व्हावा म्हणून १९७२ साली विधेयक आले. ते पार पडले नाही. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवती यांनी परदेशी दत्तकाचे नियम घालून दिले. अखेर बाल न्याय कायद्याने, २००० साली प्रथम, २००६ च्या दुरुस्तीने अधिक स्पष्टपणे आणि २०१५ साली नव्या रूपात, कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल पूर्णपणे आपले करण्याचा मार्ग खुला केला.

या नियमांत एक गोष्ट मनाला लागते. मूल परदेशी देण्यापूर्वी देशातले घर शोधावे, हे तत्त्व १९८४ पासून आहे. २०१७ च्या नियमावलीत या शोधाला सर्वसाधारण मुलासाठी ६० दिवस दिले, आणि अपंग मुलासाठी १५. मुलाचा वेळ उपचारांवाचून फुकट जाऊ नये, हा त्यामागचा उद्देश चांगलाच आहे. पण या पंधरा दिवसांत आपल्याविषयीचा अनुभवही लिहिलेला आहे: थांबून उपयोग नाही, येथे कोणी पुढे येणार नाही. अनेक वर्षे अशी मुले देशातल्या घरांपेक्षा परदेशातल्या घरांतच अधिक गेली, ही वस्तुस्थिती आहे.

मग आपली माणसे कठोर काळजाची आणि तिकडची मायाळू, असे समजावयाचे काय? मला ते पटत नाही. अमेरिकेचेच पाहा. तेथेही अशा मुलांना फार काळ ‘दत्तक देण्यास अयोग्य’ असे म्हणत. १९७० नंतर कॅलिफोर्नियातल्या डीबोल्ट दांपत्याने हा शब्द खोटा ठरवला. पोटची धरून त्यांच्या घरात एकोणीस मुले झाली, त्यांतली कित्येक कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत होरपळलेली. कोणी अंध, कोणी पायांनी लुळी, एकीला हात-पाय नाहीत. त्या घरात प्रत्येक मुलाला वाटणीचे काम असे. त्यांच्यावरील माहितीपटाला १९७८ साली ऑस्कर मिळाले आणि तो जगभर गाजला. पण त्याच्या दहा वर्षे आधी, १९६८ साली, न्यूयॉर्क राज्याने एक कायदा केला होता, त्याची वाच्यता क्वचितच होते. ज्या मुलांना घर मिळणे अवघड, त्यांना दत्तक घेणाऱ्या कुटुंबाला राज्याने पैशाचे साहाय्य द्यावे, असा तो कायदा. १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाची सक्ती सरकारी शाळांवर आली, आणि १९८० साली दत्तक-साहाय्याचा कायदा केंद्रानेच केला. त्या मुलांसाठी घरे उघडली त्यात मायेबरोबर या कायद्यांचाही वाटा आहे.

आता आपल्याकडचे एक घर दाखवतो. आमच्या संघटनेतला एक लेथ कामगार. बायको घरी शिवणकाम करते. त्यांना स्वतःचा एक मुलगा आहे. त्यांनी अडीच वर्षांची मुलगी दत्तक घेतली. तिच्या पाठीच्या कण्यात जन्मतः दोष. डॉक्टर त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. पायांत ताकद कमी, लघवीवर ताबा नाही, आणि डोक्यात साचणारे पाणी पोटात उतरवण्यासाठी कातडीखालून नळी बसवलेली. लघवी दर चार तासांनी बारीक नळी घालून काढावी लागते. सकाळी सहा, दहा, दोन, सहा आणि रात्री दहा. ही वेळ चुकली की मूत्रपिंडावर ताण येतो. बापाची पहिली पाळी सातला सुरू होते, म्हणून सहाचे काम त्याचे. त्याआधी पायांचा व्यायाम. दहाचे आणि दोनचे काम आईचे. त्यासाठी ती शिवण बाजूला ठेवून शाळेत जाते. मुलगी ओकू लागली किंवा डोके दुखते म्हणाली की घरात सगळ्यांचा श्वास अडकतो, कारण डोक्यातली नळी तुंबली असेल तर तास-दोन तासांत रुग्णालय गाठावे लागते. थोरला भाऊ जुन्या वहीत या वेळा लिहून ठेवतो, खात्यातल्या हजेरीपटासारख्या.

नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी विचारले होते, “आणायचेच होते, तर निदान धडधाकट तरी बघायचे!” यावर नवरा-बायकोने काही उत्तर दिले नाही. आज ती मुलगी कॅलिपर चढवून चालते, भावाशी भांडते, शिकवणीला जायचे नाही म्हणून पोट दुखण्याचे सोंग करते. सोंग कोणते आणि खरे दुखणे कोणते, हे आईला तिच्या डोळ्यांवरून कळते. माझ्या मते आईपण ते हेच. त्याला रक्ताचा दाखला लागत नाही.

पण पगारपत्रक हे डोळे पाहत नाही. रुग्णालयाच्या फेऱ्यांत बापाचे खाडे वाढले. रजा संपली, बिनपगारी दिवस सुरू झाले, आणि शेवटी वारंवार गैरहजेरीबद्दल आरोपपत्र हातात पडले. चौकशीत त्याचा प्रतिनिधी म्हणून मी बसलो होतो. व्यवस्थापनाच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, “आजार माहीत असताना यांनी स्वतःहून हे मूल आणले. मग त्याचा भार कारखान्याने का सोसावा?”

हा अधिकारी दुष्ट नव्हता. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातला प्रश्न त्याने बोलून दाखवला. पोटच्या मुलाचे दुखणे हे नशीब, आणि पत्करलेल्या मुलाचे दुखणे ही हौस, असा हा हिशेब आहे. मी त्याला म्हटले, “हे मूल यांनी आणले नसते तर ते कोठे असते? सरकारी खर्चाने एखाद्या संस्थेच्या खाटेवर. तेव्हा त्याचा भार तुमच्या-माझ्या कराच्या पैशातूनच उचलला गेला असता, आणि मुलीला आई मिळाली नसती ती वेगळीच. यांनी समाजाचे काम अंगावर घेतले आहे. त्यांच्या खाड्यांकडे त्या नजरेने पाहा.” प्रकरण ताकिदीवर मिटले. पुढच्या करारात अपंग अपत्याच्या उपचारांसाठी भरपगारी रजेचे कलम आम्ही घातले, आणि अपत्य या शब्दापुढे ‘दत्तकासह’ असे लिहून घेतले.

हे लिहून का घ्यावे लागते, तेही सांगतो. कामगार राज्य विमा कायद्यातील कुटुंबाच्या व्याख्येत दत्तक मूल होते, आणि शरीराने वा मनाने अधू असलेले अवलंबून मूल वयाची अट न ठेवता होते. ही चांगली परंपरा. उलट २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दत्तक मातेला १२ आठवड्यांची रजा मिळाली, ती मूल तीन महिन्यांखालचे असेल तर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच अट उतरली. आता पाहा: आईने सोपवलेल्या मुलाबाबत तिला फेरविचाराला ६० दिवस असतात, टाकलेल्या मुलाचे आईबाप शोधण्यातही महिने जातात. दत्तकास मोकळे होईपर्यंत मूल तीन महिन्यांचे होऊन जाते. आजारी मूल तर कित्येक वर्षे वाट पाहते. या अटीविरुद्ध एका दत्तक मातेला २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. अशी अट लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर अडीच वर्षांची, पाठीत दोष असलेली मुलगी नव्हती, एवढे उघड आहे.

आणखी एक चिंता या आईबापांना रात्री जागवते: आपल्यामागे कोण? अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी याच प्रश्नाला आयुष्य दिले. रस्त्यावर, रेल्वे स्थानकावर टाकलेली १२३ अपंग मुले त्यांनी सांभाळली, बापाच्या जागी स्वतःचे नाव दिले, त्यांतल्या अनेकांची लग्ने लावून दिली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मागणी एकच आहे: अठरा वर्षे झाली म्हणून अपंग अनाथाला बालगृहातून बाहेर काढू नका. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने मतिमंद, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता व बहुविकलांगता असलेल्या सज्ञान माणसासाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे. ती पुष्कळ कुटुंबांना ठाऊकही नसते. आज येथून घरी गेल्यावर ज्यांच्या ओळखीत असे घर असेल त्यांनी एवढी माहिती तरी त्या घरी पोचवावी.

अशा माणसांना आपण पटकन देवमाणूस म्हणतो. शब्द मोठा आहे, पण एकदा तो उच्चारला की आपले हात मोकळे होतात. देवाला कोणी रजा द्यावी लागत नाही, की त्याच्या औषधाचे बिल भरावे लागत नाही. मला ही माणसे आपल्यासारखीच दिसतात: थकणारी, चिडणारी, महिन्याच्या वीस तारखेला उसने मागणारी. त्यांच्या गल्लीत जिन्याला कठडा हवा, त्यांच्या शाळेत दुपारी दोनला नळी घालण्याइतकी स्वच्छ, बंद होणारी खोली हवी, त्यांच्या करारात एक कलम हवे. फुल्यांनी पुण्यात घर उघडून दीडशेहून अधिक वर्षे झाली. दत्तक घेणाऱ्यांनी आपली बाजू पार पाडली आहे. कारखान्याने, शाळेने आणि शेजाऱ्याने आपापली पार पाडावयाची अजून राहिली आहे.