मायना आणि मोर्तब

पनवेल तालुक्यांतील रोडपाली हें कळंबोलीस लागून असलेलें गांव. २०१६ सालीं तें पनवेल महानगरपालिकेंत आलें. जुन्या घरांभोंवतीं आतां उंच इमारती आहेत. २०२० च्या मार्चांत शाळा बंद पडल्या, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तेथील एका परिचित घरीं मोबाईलवर चाललेला मराठीचा तास आम्हीं ऐकला. विषय पत्रलेखनाचा होता. बाईंनीं मायना सांगितला, मुलांनीं तो उतरून घेतला. आणि तास संपतो न संपतो तोंच वर्गाच्या गटावर एका मुलानें कोणाची तरी टवाळी करणारा निनावी मजकूर पुढें ढकलला. मोठा हंशा पिकला. पत्राचा धडा आणि हा प्रकार यांचा कांहीं संबंध आहे, असें त्या घरांत कोणासहि वाटलें नाहीं. खरें सांगावयाचें तर प्रथम आम्हांसहि वाटलें नाहीं.

वस्तुतः आपल्या भाषेंत पत्र लिहावयास शिकणें म्हणजे केवळ अक्षर घोटणें कधींच नव्हतें. मोडी दप्तरांतील पत्रें पाहावीं. वडिलांस साष्टांग नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद, धन्यास विज्ञापना. कोण कोणास लिहितो हें आरंभींच उघड. अखेरीस मोर्तब. हा लहानसा शिक्का शोभेचा नसे. मजकूर येथें संपला, याखालीं कोणीं कांहीं जोडल्यास तें बनावट, असा त्याचा अर्थ. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरील शेवटच्या मुद्रेंत ‘मर्यादा’ हा शब्दच आहे. पेशवाईंत ‘लेखनसीमा’ असा शिक्का उमटवीत. मर्यादा म्हणजे हद्द, आणि मर्यादा म्हणजे अदबहि. जुन्या मायन्यांत उच्चनीचतेचा भाग पुष्कळ होता, आणि तो गेला हें बरेंच झालें. परंतु लिहिणारानें आपलें नांव सांगावें व आपल्या शब्दांची हद्द आंखून द्यावी, ही रीत त्याबरोबर जावयास नको होती.

१८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें. तें वाटेंत कोणासहि वाचतां येई. म्हणून खुशाली कार्डावर आणि घरचीं भांडणें पाकिटांत, एवढा विवेक बेताचें शिकलेल्या माणसांसहि आला. याच कार्डानें एक रोगहि आणला. देवाच्या नांवानें निनावी कार्ड येई: इतक्या प्रती करून इतरांस धाडा, न धाडाल तर अरिष्ट ओढवेल. शहाण्यासुरत्या घरांतूनहि त्या प्रती निघाल्या आहेत. मात्र त्या हातानें कराव्या लागत. मनगट दुखे, पैसे पडत, आणि तेवढ्या अवधींत शंका येण्यास सवड मिळे.

मोबाईलनें ती सवड काढून घेतली. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी समजून जमावानें पांच जणांस ठार मारलें. ते मुख्यतः सोलापूर जिल्ह्यांतून आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. भिक्षा मागत गांवोगांव फिरणें हा त्यांचा जुना क्रम. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्याच महिन्यांत त्या कंपनीनें पुढें धाडलेल्या मजकुरावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतांत एका वेळीं पांचांपलीकडे मजकूर ढकलण्यास बंदी घातली. ती खूण मोर्तबाच्या नेमकें उलट सांगते: हे शब्द धाडणाराचे नव्हेत. पण ती वाचावयास मुलांस कोणीं शिकविलें?

त्याच वर्षीं दहावीचें मराठीचें पुस्तक नवें आलें, आणि पत्राच्या नमुन्यांत ई-मेलचा पत्ता आला. दिशा योग्य होती. परंतु पत्ता कोणत्या कोपऱ्यांत लिहावा एवढेंच बहुतेक मुलें पाठ करितात, कारण गुण त्यास आहेत.

रोडपालीच्या त्या घरांतून ती टवाळीची गोष्ट बाईंच्या कानीं गेली. त्या रागावतील अशी आमची अटकळ होती. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं एवढेंच सांगितलें कीं, तोच मजकूर पत्रासारखा लिहून आणा. वर ज्याच्याविषयीं आहे त्याच्या नांवाचा मायना, खालीं आपली सही. निम्मीं मुलें मायन्यापाशींच अडलीं. ज्यानें तो ढकलला होता तो म्हणाला, “बाई, हें माझें नाहीं, मामाच्या गटावरून आलें.”

“मग मामांस कोणीं धाडलें, तें विचारून ये,” बाई म्हणाल्या.

तो विचारून आला. मामांसहि ठाऊक नव्हतें.