येमेनचा संघर्ष आणि आखाती सहकार परिषद

सोलापूर आणि एडन ही दोन शहरे एके काळी एकाच मुंबई इलाख्याच्या कारभारात होती. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईहून फौज पाठवून एडन जिंकले आणि १९३२ पर्यंत या बंदराचा कारभार मुंबई सरकारकडे राहिला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांनी जन्मठेप तेथेच भोगली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच देह ठेवला. हेच एडन पुढे येमेनच्या यादवीत होरपळले. या यादवीत शेजारच्या श्रीमंत राष्ट्रांच्या संघटनेने, म्हणजे आखाती सहकार परिषदेने बजावलेली भूमिका समजून घेणे उद्बोधक ठरेल.

दाराबाहेरचा शेजारी

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहारीन आणि ओमान या सहा राजसत्तांनी २५ मे १९८१ रोजी अबुधाबी येथे परिषदेची स्थापना केली. मुख्यालय रियाध येथे आहे. अरबी द्वीपकल्पात असूनही गरीब आणि प्रजासत्ताक येमेनला सदस्यत्व मिळाले नाही. उत्तर व दक्षिण येमेनचे एकीकरण २२ मे १९९० रोजी झाले. त्याच वर्षी इराकने कुवेत गिळंकृत केले असता येमेनने इराकविरोधी आघाडीला साथ दिली नाही. परिणामी, सौदी अरेबियातून लाखो येमेनी कामगारांना मायदेशी परतावे लागले. पुढे २००१ मध्ये आरोग्य, शिक्षण यांसारख्या विषयांपुरता येमेनला परिषदेत प्रवेश मिळाला. निर्णयाचा अधिकार मात्र मिळाला नाही.

२०११ चा करार

अरब जगतातील उठावांचे लोण २०११ मध्ये येमेनमध्ये पोहोचले, तेव्हा परिषदेने मध्यस्थी केली. २३ नोव्हेंबर २०११ रोजी रियाधमध्ये राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांनी सत्तात्यागाच्या करारावर सही केली. बदल्यात त्यांना खटल्यांपासून अभय मिळाले. उपराष्ट्राध्यक्ष अब्द रब्बू मन्सूर हादी फेब्रुवारी २०१२ मध्ये एकमेव उमेदवार म्हणून निवडून आले. मोठा रक्तपात तूर्त टळला, हे या कराराचे यश होय. परंतु उत्तरेतील हुती बंडखोर आणि दक्षिणेतील फुटीरतावादी या दोघांना त्यात स्थान नव्हते. सालेह देशातच राहिले आणि पुढे हुतींनाच जाऊन मिळाले. सप्टेंबर २०१४ मध्ये हुतींनी राजधानी साना ताब्यात घेतली.

मध्यस्थच युद्धात

२६ मार्च २०१५ रोजी सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. परिषदेच्या सहापैकी पाच सदस्यांनी त्यात भाग घेतला. ओमान अलिप्त राहिला. युद्ध लांबत गेले, तशी आघाडीतही फूट पडली. जून २०१७ मध्ये कतारला आघाडीतून वगळण्यात आले. ऑगस्ट २०१९ मध्ये अमिरातीचा पाठिंबा असलेल्या दक्षिणेच्या गटाने सौदीसमर्थित सरकारकडून एडन हिसकावले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ अखेर या युद्धात ३,७७,००० बळी गेले. त्यांतील बहुसंख्य भूक, रोगराई आणि औषधांच्या अभावामुळे दगावले. एप्रिल २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने युद्धबंदी झाली. त्याच महिन्यात रियाधमधील बैठकीनंतर हादी यांनी आठ सदस्यांच्या नेतृत्व मंडळाकडे अधिकार सोपवले. एप्रिल २०२३ मध्ये सौदी शिष्टमंडळ सानाला चर्चेसाठी गेले, तेही युद्धापासून दूर राहिलेल्या ओमानच्या मध्यस्थीने.

आपल्यापर्यंतच्या झळा

एप्रिल २०१५ मध्ये ‘ऑपरेशन राहत’द्वारे साडेचार हजारांहून अधिक भारतीयांची येमेनमधून सुटका झाली, ‘आयएनएस मुंबई’ ही युद्धनौकाही या मोहिमेत होती. नोव्हेंबर २०२३ पासून हुतींनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर अनेक जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला. साहजिकच न्हावा शेवा बंदरातून युरोपला जाणाऱ्या मालाचे भाडे आणि प्रवासाचे दिवस वाढले. टॉवेल आणि डाळिंब परदेशी पाठवणाऱ्या सोलापूरसारख्या जिल्ह्याला बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी म्हणूनच परकी नाही.

येमेनच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्यांच्या हाती शस्त्रे आहेत त्यांना वगळून केलेला समझोता टिकत नाही आणि मध्यस्थ स्वतःच रणांगणात उतरला, की त्याच्या शब्दाचे वजन कमी होते.