घारापुरीचा राजा आणि धामोरीची चांदी

अकोल्याच्या माणसानं समुद्राबद्दल लिहावं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण आपल्या पूर्णेचं पाणी चांगदेवला तापीला मिळतं आणि पुढे अरबी समुद्रातच जातं. त्या नात्यानं थोडा हक्क आपलाही आहे असं समजू.

गेल्या हिवाळ्यात मुंबईला कामासाठी गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला, तर गेटवेवरून बोट पकडून घारापुरीला गेलो. साधारण तासाभराचा प्रवास. बोटीत बसायची माझी पहिलीच वेळ, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. मग सीगल दिसले आणि भीती विसरलो.

घारापुरीची लेणी सगळ्यांना माहीत आहेत. तीन मुखांचा तो भव्य सदाशिव, १९८७ पासून जागतिक वारसा, वगैरे. मी मात्र तिथल्या छोट्याशा संग्रहालयात जास्त वेळ रेंगाळलो. बरेचसे लोक तिकडे डोकावून लगेच बाहेर पडत होते. माझं कारण वेगळं होतं. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी, पीएचडीचा विषय जुन्या नाण्यांचा धातू. आणि घारापुरीचं कोडं सोडवण्यात नाण्यांचा मोठा वाटा आहे.

मुख्य लेणं कोणी खोदवलं, हे सांगणारा शिलालेख आज तिथे नाही. मग राजा ठरवायचा कसा? बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची सुमारे ३१ नाणी सापडली. त्याचा काळ साधारण इ. स. ५५० ते ५७५. तो स्वतःला नाण्यांवर ‘परममाहेश्वर’ म्हणवतो, म्हणजे शिवभक्त. नाणेतज्ज्ञ शोभना गोखले यांनी सुचवलं की ही हलक्या किमतीची नाणी लेणं खोदणाऱ्या कामगारांची मजुरी असावी. मला हा विचार फार आवडतो. राजाचं नाव आपल्याला कळलं ते बहुधा एखाद्या पाथरवटाच्या हातून पडलेल्या पैशामुळे!

आता आपल्या गावाकडची गोष्ट. याच कृष्णराजाची चांदीची नाणी अमरावती जिल्ह्यात धामोरीला सापडली आहेत. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला नंदी आणि भोवती ब्राह्मी अक्षरं. कलचुरींचे लेख आणि नाणी यांवर मोठं काम केलं ते वा. वि. मिराशींनी. जन्म कोकणातला, कर्मभूमी विदर्भ. काही काळ ते अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यही होते.

मग कृष्णराजाचं राज्य वऱ्हाडात होतं का? इथे घाई करायची नाही. नाणं व्यापाऱ्याच्या कनवटीतूनही फिरतं. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या ताम्रपटात ‘कृष्णराज रूपका’चा उल्लेख आहे आणि तो ताम्रपट आठव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे राजा गेल्यावर सुमारे सव्वाशे वर्षांनंतरचा! नाणं चाललं म्हणजे राजा चालून आला असं होत नाही.

असे प्रश्न पुढे न्यायला धातूची मदत होते. चांदीत तांबं किती, शिसं किती, हे एक्स-रे फ्लुरोसन्सनं नाणं न तोडता कळतं. पण गंमत अशी की हे किरण वरच्या पातळ थराचीच माहिती देतात. शेकडो वर्षं जमिनीत राहिल्यावर पृष्ठभागातलं तांबं झिरपून जातं आणि चांदी मागे उरते. नाणं आहे त्यापेक्षा अस्सल वाटतं. म्हणजे यंत्र खरं बोलतं, पण फक्त सालीबद्दल.

त्यात क्षार. समुद्राकाठी ते हवेतून येतात, आपल्या खारपाणपट्ट्यात जमिनीतून. क्लोराइडमुळे चांदीवर राखाडी, मेणचट थर चढतो. तांब्यावर हिरवट भुकटी येते आणि ओलावा मिळाला की ती आतून खात जाते. तरी हाच थर माझ्यासाठी पुरावा असतो. नाणं कुठल्या मातीत, कशा पाण्यात राहिलं हे तो सांगतो.

आमच्या देवघरात एक तांब्याचं जुनं नाणं आहे. आजोबांना शेतात नांगरताना सापडलेलं. दर दिवाळीला आजी ते चिंचेनं घासते. आता ते नुसती लखलखीत चकती आहे. अक्षर नाही, चित्र नाही. कोणाचं होतं, हे आता मीही सांगू शकत नाही, कुठलं यंत्रही नाही.

घारापुरीहून आल्यावर आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “काहून रे बाप्पा, एका मेलेल्या राजाच्या पैशासाठी पाण्यात गेलता? बुडला असता म्हंजे?” मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मले काय मालूम, त्या मळात काही लिहेल असते म्हून.”

तिची काहीच चूक नाही. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगतो. शेतात असं काही सापडलं तर घासू नका, सोनाराकडे नेऊ नका. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. १८७८ पासून तसा कायदाच आहे.

या दिवाळीला आजीनं नाणं नुसतं कोरड्या फडक्यानं पुसलं. आता त्यात वाचण्यासारखं काही उरलं नाही, हे तिलाही माहीत होतं.