रंगमंदिर बांधणाऱ्यांची परिषद : नाट्यगृहाची वास्तू, यंत्रणा आणि सुरक्षा

'इंटरनॅशनल थिएटर इंजिनिअरिंग अँड आर्किटेक्चर कॉन्फरन्स' ही नाट्यगृहांची रचना, अभियांत्रिकी आणि वास्तुकला या क्षेत्रांत काम करणाऱ्यांची लंडनमध्ये भरणारी व्यावसायिक परिषद होय. १९६१ साली स्थापन झालेली 'असोसिएशन ऑफ ब्रिटिश थिएटर टेक्निशियन्स' ही संस्था ती भरवते. व्यवसायात ही संस्था 'एबीटीटी' या संक्षेपाने ओळखली जाते. २००२, २००६, २०१०, २०१४ आणि २०१८ असा चार वर्षांचा क्रम परिषदेने पाळला. करोनाच्या साथीनंतरची परिषद २०२३ मध्ये झाली. पहिल्या परिषदेशी रंगमंच-अभियंते रिचर्ड ब्रेट यांचे नाव जोडलेले आहे आणि तिच्यातील निबंध त्यांच्याच संपादनाखाली ग्रंथरूपाने निघाले.

परिषदेच्या नावात अभियांत्रिकी आधी आणि वास्तुकला नंतर येते. हा क्रम मुद्दाम ठरवलेला असो वा नसो, तो अर्थपूर्ण आहे. नाट्यगृह म्हटले की सामान्य प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर दर्शनी भाग, मखमली पडदा आणि खुर्च्यांच्या रांगा येतात. बांधणाऱ्याला मात्र ती एक यंत्रशाळा दिसते, आणि त्या यंत्रशाळेच्या अगदी समोर, अंधारात, हजारभर माणसे निश्चिंतपणे बसलेली असतात. वास्तुकार, यंत्र-अभियंता, ध्वनितज्ज्ञ, अग्निसुरक्षा-सल्लागार आणि प्रत्यक्ष प्रयोग चालवणारा तंत्रज्ञ यांनी एकमेकांना वेळीच विचारायचे प्रश्न विचारले नाहीत, तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते हे नाट्यगृहांच्या इतिहासात नोंदलेले आहे.

प्रथम यंत्रशाळेविषयी. पूर्ण सोयींच्या नाट्यगृहात दर्शनी कमानीमागे, रंगमंचाच्या वर, एक उंच मनोरा असतो. रंगवलेला पडदा किंवा नेपथ्याचा पूर्ण उंचीचा भाग वर खेचून प्रेक्षकांच्या नजरेआड करायचा, तर या मनोऱ्याची उंची कमानीच्या अडीच पटींच्या आसपास तरी लागते. वास्तुकाराला हा खिडक्या नसलेला ठोकळा इमारतीच्या सौंदर्यावरचा डाग वाटतो, नगररचना विभागाला उंची खुपते आणि हिशेबनिसाला खर्च. त्यामुळे आराखड्यात कात्री लागते ती बहुधा इथेच. नंतर पन्नास वर्षे प्रत्येक नेपथ्यकार त्या कापलेल्या चार मीटरांशी झगडत राहतो.

मनोऱ्यातील पारंपरिक व्यवस्था प्रतिभाराची असते. पडद्याच्या दांडीला जेवढे वजन, तेवढ्याच लोखंडी लाद्या दोराच्या दुसऱ्या टोकाच्या पाळण्यात रचायच्या. मग एक माणूस शेकडो किलोंचे नेपथ्य सहज वरखाली करू शकतो. धोका असतो तो तोल बदलण्याच्या घटकेत. नेपथ्य वर असताना लाद्या आधी उतरवल्या तर ते खाली कोसळते. उलट, नेपथ्य आधी सोडवले आणि लाद्या पाळण्यातच राहिल्या तर पाळणा सुसाट खाली येतो आणि रिकामी दांडी छताला जाऊन आदळते. म्हणून या कामाचा क्रम तंत्रज्ञांच्या अंगवळणी पाडला जातो. आता अनेक मोठ्या नाट्यगृहांत संगणकाने नियंत्रित होणारी विद्युत्-यंत्रे आली आहेत. त्यांच्यामुळे पाठीवरचे ओझे गेले, पण प्रश्न बदलला : डोक्यावरून भार सरकत असताना यंत्राचा एक भाग निकामी झाला तर दुसरा कोणता भाग तो सावरणार? दुहेरी ब्रेक, भाराचे सतत मापन, आणीबाणीत थांबवण्याची स्वतंत्र जोडणी हे सारे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. युरोपात यासाठी २०२० साली 'ईएन १७२०६' हे मानक प्रसिद्ध झाले. कारखान्यातील यंत्रांचे नियम इथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, कारण कारखान्यात चालत्या यंत्राखाली माणूस उभा करायचा नसतो. रंगमंचावर तो नट असतो आणि त्याला तिथेच उभे राहायचे असते.

आगीचा इतिहास याहून दारुण आहे. ५ सप्टेंबर १८८७ रोजी इंग्लंडमधील एक्झिटर येथील थिएटर रॉयलमध्ये गॅसच्या दिव्यामुळे रंगमंचावर आग लागली आणि १८६ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांपैकी बहुतेक जण सर्वांत स्वस्त, सर्वांत वरच्या सज्जातले होते. तिथून बाहेर पडण्याची सोय अगदीच अपुरी होती. हे नाट्यगृह जुनाट नव्हते. त्याला जेमतेम एक वर्ष झाले होते आणि त्याचे वास्तुकार सी. जे. फिप्स हे त्या काळातील नाट्यगृह-रचनेचे नामवंत जाणकार होते. शिकागोच्या इरोक्वॉ थिएटरची कथा तर अंगावर काटा आणणारी. ते नोव्हेंबर १९०३ मध्ये उघडले आणि त्याची जाहिरात अग्निरोधक म्हणून केली गेली. ३० डिसेंबरला दुपारच्या प्रयोगात विजेच्या कमानी दिव्याची ठिणगी पडद्यावर पडली. अग्निरोधक पडदा वाटेतच अडकला. रंगमंचावरील धूर बाहेर सोडणारी छतातील झडपे बंदच होती. अनेक दारे कुलूपबंद होती, तर काहींच्या कड्या प्रेक्षकांना उघडता येईनात. ६०२ माणसे गेली, त्यांत मुले मोठ्या संख्येने होती, कारण नाताळच्या सुटीतला तो खेळ होता. पडदा, झडपे, दारे यांपैकी प्रत्येक गोष्ट कागदावर होती. ती प्रत्यक्षात चालते का, हे कोणी पाहिले नव्हते.

याच्या शेजारी एडिंबरोची घटना ठेवून पाहावी. ९ मे १९११ रोजी तिथल्या एम्पायर पॅलेस थिएटरमध्ये 'द ग्रेट लाफायेत' या जादूगाराच्या खेळात रंगमंचाने पेट घेतला. अग्निरोधक पडदा खाली आला, वाद्यवृंदाने राष्ट्रगीत सुरू केले आणि सुमारे तीन हजार प्रेक्षक काही मिनिटांतच सुखरूप बाहेर पडले. पडद्यामागे मात्र लाफायेतसह अकरा जणांचा अंत झाला. एका पडद्याने प्रेक्षागृह वाचवले आणि त्याच पडद्यापलीकडे कलाकार व कामगार सापडले. रंगमंचामागील माणसांच्या सुटकेचे मार्ग हा या क्षेत्रात आजही दुय्यम मानला जाणारा विषय आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ब्रिटनमधील जुन्या नाट्यगृहांत प्रत्येक प्रयोगाच्या वेळी, बहुधा मध्यंतरात, तो पडदा प्रेक्षकांसमक्ष खाली-वर केला जातो. इथे नाटक पाहणाऱ्या आपल्या वाचकांनी हे दृश्य नक्की पाहिले असेल. तो परवान्याच्या अटींतून आलेला रिवाज आहे.

आग क्षणात दिसते. वास्तूची झीज दिसत नाही. १९ डिसेंबर २०१३ रोजी लंडनच्या वेस्ट एंडमधील अपोलो थिएटरात भर प्रयोगात छताचा काही भाग प्रेक्षकांवर कोसळला. प्रेक्षागृहात सातशेहून अधिक माणसे होती. सत्तरहून अधिक जखमी झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. हे नाट्यगृह १९०१ सालचे. त्या काळची नक्षीदार छते तागाचे कापड घातलेल्या प्लास्टरची असत आणि वरच्या लाकडी सांगाड्याला प्लास्टरमध्ये भिजवलेल्या तागाच्याच पट्ट्यांनी टांगलेली असत. शतकभरात त्या पट्ट्या जीर्ण झाल्या. खालून पाहणाऱ्याला सोनेरी वेलबुट्टी शाबूत दिसत होती. या घटनेनंतर एबीटीटीने अशा छतांची पाहणी कोणी, कशी आणि किती काळाने करावी यासाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. वास्तुवारसा जपणारा तज्ज्ञ आणि भार मोजणारा अभियंता यांनी एकत्र छतावरच्या पोकळीत उतरणे त्यामुळे अपरिहार्य ठरले.

महत्त्वाकांक्षेचीही एक बाजू आहे. डेनिस लॅस्डन यांनी रचलेल्या नॅशनल थिएटरमधील ऑलिव्हिए प्रेक्षागृह १९७६ साली उघडले. त्याच्या रंगमंचाखाली पाच मजली उंचीचे फिरते नळकांडे आहे. ते गोल फिरते आणि त्यातील दोन स्वतंत्र मंच वर-खाली होतात. कल्पना अचाट होती, पण ती भरवशाने वापरात यायला सुमारे दशक लागले. त्याच इमारतीतील सर्वांत लहान, सर्वांत कमी खर्चाचे कॉटेस्लो प्रेक्षागृह १९७७ साली उघडले आणि पहिल्यापासून कलावंतांचे लाडके झाले. आयन मॅकिंटॉश यांनी मांडलेली त्याची रचना साधी होती : चौकोनी चौक, तिन्ही बाजूंना माणसांनी भरलेले अरुंद सज्जे आणि मधली जमीन हवी तशी बदलता येणारी. २०१४ पासून ते डॉर्फमन या नावाने ओळखले जाते. नाट्यगृहाला यंत्र किती हवे आणि जवळीक किती, या वादाची ही दोन टोके एकाच छपराखाली नांदत आहेत. वाद मिटलेला नाही, आणि मिटण्याची गरजही नाही.

ध्वनीच्या शास्त्राचा पाया हार्वर्डचे वॉलेस सबीन यांनी १८९५ पासून केलेल्या प्रयोगांत घातला गेला. बोललेला शब्द स्पष्ट ऐकू यायचा तर खोलीत आवाज सेकंदभरात विरला पाहिजे. सिंफनीला तोच दोन सेकंदांच्या आसपास रेंगाळलेला हवा असतो. म्हणून 'सर्व कार्यक्रमांसाठी उपयुक्त' असे सभागृह बहुधा कशालाच पुरेसे उपयुक्त होत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रातील, म्हणजे एनसीपीएतील, टाटा थिएटर १९८० साली उघडले. वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी भारतीय संगीत व नाटक ध्वनिवर्धकाविना ऐकू यावे हे प्रयोजन धरूनच ते रचले. एकाच हेतूशी प्रामाणिक राहिलेली वास्तू काय साधते, याचा अनुभव तिथे आजही घेता येतो.

अलीकडे ऊर्जेचा विषय पुढे आला आहे. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये 'थिएटर ग्रीन बुक' आले. निर्मिती, इमारत आणि दैनंदिन कारभार या तिन्हींचे निकष त्यात आहेत. खुर्च्यांखालून मंद गतीने थंड हवा सोडण्याची पद्धत विजेची बचत करते आणि पंख्यांची घरघरही टाळते.

या परिषदेखेरीज इतरही व्यासपीठे आहेत. अमेरिकेतील वाचकांसाठी 'युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट फॉर थिएटर टेक्नॉलॉजी' ही १९६० सालची संस्था दरवर्षी परिषद भरवते. नेपथ्यकलेचे 'प्राग क्वाड्रेनियल' १९६७ पासून भरत आले आहे. वास्तुकला, यंत्र किंवा अग्निसुरक्षा या क्षेत्रांत असलेल्या मराठी व्यावसायिकांनी, प्रत्यक्ष नाट्यगृहाचे काम केलेले नसले तरी, यांपैकी एखाद्या ठिकाणी डोकवावे. विषय कोरडा वाटतो, पण आत शिरल्यावर सोडवत नाही.

मराठी रंगभूमीचा या विद्येशी संबंध जुना आहे. १९६२ साली रंगमंचावर आलेल्या आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकाने फिरता रंगमंच मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचा केला. न्यायालयातून पूर्वीच्या प्रसंगांकडे आणि परत न्यायालयाकडे ही ये-जा पडदा न पाडता करण्यासाठी ती युक्ती होती. आपले व्यावसायिक नाटक मुळात फिरते. सकाळी एका गावी नेपथ्य उतरवायचे, रात्री प्रयोग आटोपून ट्रक भरायचा आणि उजाडताना पुढच्या गावी पोहोचायचे. अशा रंगभूमीसाठी नाट्यगृह बांधताना पहिला प्रश्न ट्रक रंगमंचाच्या दारापर्यंत येतो का, त्या दारातून नेपथ्याचा सर्वांत मोठा तुकडा आडवा न करता आत जातो का, आणि आधीच्या प्रयोगाचे सामान बाहेर पडत असताना पुढच्याचे कुठे ठेवायचे, हा असायला हवा. दर्शनी पायऱ्यांच्या संगमरवराचा क्रम त्यानंतरचा.

कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाकडे या साऱ्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात 'पॅलेस थिएटर' म्हणून ते उभारले. १९५७ साली त्याला केशवरावांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, रंगमंच आणि प्रेक्षागृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्या वेळी आत प्रयोग चालू नव्हता, एवढाच काय तो दिलासा. पुनर्बांधणीची घोषणा लगेच झाली आणि वास्तू पूर्वीसारखीच उभी राहावी अशी लोकांची इच्छा आहे. ती स्वाभाविकच आहे. पण 'पूर्वीसारखीच' म्हणजे कमान, सज्जा आणि आवाजाचा तो गुण. लाकडाचे उघडे छत आणि जुन्या वायरिंगची चाल नव्हे. रंगमंच व प्रेक्षागृह यांच्यामध्ये अग्निरोधक पडदा बसवायचा तर त्याचा भार जुन्या भिंती पेलतील का, धूर सोडणारी झडपे मूळ छताच्या रेषेत कशी लपवायची, रंगपटातील कलाकारांना दुसरी वाट कुठून द्यायची आणि प्लास्टर व आसने बदलल्यावर आवाज किती वेळात विरेल, हे प्रश्न आराखड्याच्या टप्प्यावरच सुटतात. छत चढल्यावर त्यांतील बहुतेकांची उत्तरे देता येत नाहीत.